बोअरची जागा

लातूर जिल्हा झाला आणि मला नोकरी लागली, ह्या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकाच गाठोड्यात बांधलेल्या आहेत. उस्मानाबादेहून फायलींचे गठ्ठे ट्रकनं आले, ते उतरवून घ्यायला माणसं लागली, मग ते लावायला कारकून लागले, आणि त्या कारकुनांत मी एक होतो. टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. साहेब लोक एकमेकांना पेढे भरवत होते आणि खिडकीतून बाहेर बघावं तर रस्त्यावर घागरींची रांग. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. नव्या जिल्ह्याचं पहिलं मोठं काम म्हणजे टँकर कुठं पाठवायचा ते ठरवणं.

मी निलंगा तालुक्यातला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांची नातवंडं अजून तिथंच नांदतात. आम्ही बौद्ध. वडिलांनी धर्म बदलला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. आई मी तान्हा असताना गेली, वडीलही लवकरच गेले, आणि मला वाढवलं ते थोरल्या भावानं आणि वैनीनं. वैनी लग्न होऊन आली तेव्हा ती जेमतेम पंधरा-सोळाची आणि मी चार वर्षांचा. तिच्या अंगावरची हळद वाळली नव्हती तोवर मी तिच्या कडेवर जाऊन बसलो, असं भाऊ सांगायचा. मागच्या मोठ्या दुष्काळात तिनं खडी फोडली, नाल्याच्या बांधावर माती वाहिली, पण मला शाळेतून काढलं नाही. तिला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं. मी पुस्तक उघडलं की मात्र ती घरातल्याच काय, शेजारच्या घरातल्या माणसांनासुद्धा दम देऊन गप्प करायची.

लातुरात मला पहिले काही महिने फार एकटं वाटलं. खोली मिळायला त्रास झाला. का झाला ते सांगायची गरज नाही, घरमालक आडनाव विचारायचे आणि मग त्यांच्या खोलीत अचानक पाहुणे राहायला यायचे. अशात एकदा गंजगोलाईजवळच्या गल्लीत एका भुसार दुकानाच्या जिन्यावर हातानं रंगवलेला बोर्ड दिसला. ‘जगाचे नागरिक व्हा. दर रविवारी सकाळी. प्रवेश सर्वांना.’ मला हसू आलं. लातूरचा नागरिक व्हायला जमेना आणि हे जगाचं सांगत होते. तरी जिना चढलो, कारण रविवार होता आणि मला कुठंच जायचं नव्हतं.

वर एक लांबट खोली होती, खाली सतरंजी, भिंतीला जगाचा नकाशा. कोपऱ्यात पृथ्वीचा गोल होता, त्याची बैठक मोडलेली, म्हणून तो पितळी तांब्यावर ठेवलेला. मंडळ चालवणारे एक निवृत्त हेडमास्तर होते, मूळचे नांदेडकडचे. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा दिला आणि नाव विचारलं. मी सवयीनं पूर्ण नाव सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

“फक्त पहिलं नाव. आडनाव, जात इथं कुणी सांगत नाही. जिन्याखाली चपलांबरोबर ठेवून यायचं.”

त्या खोलीची मी कितीही टिंगल करू शकतो, पण तो क्षण मी आजवर विसरलेलो नाही. चोवीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी आडनाव सांगू नकोस म्हणालं होतं. जिना उतरताना मला रडू येत होतं आणि मी ते कुणाला दिसू दिलं नाही.

मंडळाची कामं म्हणाल तर आता सांगताना हसू येतं. आम्ही शाळांमधून मुलांकडून परदेशी मुलांना पत्रं लिहून घ्यायचो. ‘माझे गाव लहान आहे, आमच्याकडे दोन बैल आहेत,’ असलं लिहिलेलं मी इंग्रजीत करून द्यायचो, आणि तिकडून बर्फातल्या घरांची चित्रं यायची. घाम पुसत पुसत आम्ही ती चित्रं शाळांच्या भिंतींवर लावायचो. दर रविवारी उभं राहून शपथ घ्यायची, की मी सगळ्या माणसांना एक मानीन, कुठल्याही एका गावापुरतं, एका रक्तापुरतं पाहणार नाही. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात दुष्काळ पडला तर आम्ही दारोदार मूठ मूठ ज्वारी मागत फिरलो. आमच्याकडेही दुष्काळच होता. एका म्हातारीनं मूठ घातली आणि विचारलं, “त्यांच्या गावातबी टँकर येतो का रे?” आम्हाला माहीत नव्हतं. ती ज्वारी पुढं कशी गेली, गेली की नाही, हेही मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

मंडळाचा आणखी एक नियम होता आणि तो गुरुजींच्या फार अभिमानाचा होता. स्वतःच्या गावाचं, स्वतःच्या माणसांचं काम कुणी बैठकीत मांडायचं नाही. दुसऱ्याचं दुसऱ्यानं मांडायचं. तुझ्या गावाचं काय ते मी बघून येणार आणि मी बोलणार, माझ्या गावाचं तू. आपल्या गावाचा विषय निघाला की त्या माणसानं ऐकून घ्यायचं, तोंड उघडायचं नाही. गुरुजी म्हणत, “आपल्यासाठी तर कावळाही ओरडतो.” पक्षपात मुळातून उपटायचा त्यांचा हा उपाय होता. आम्हा सगळ्यांना तो फार थोर वाटायचा. मला तर सगळ्यांत जास्त वाटायचा, कारण सरकारी कचेरीत मी रोज आपापल्या माणसांच्या फायली वर सरकवणारे हात बघत होतो.

त्या उन्हाळ्यात मंडळाला पहिल्यांदाच एक खरंखुरं काम मिळालं. परदेशातल्या एका मदत संस्थेनं मराठवाड्यातल्या काही गावांसाठी हापसे द्यायचं कबूल केलं. बोअर मारायची गाडी येणार, हापसा बसणार. जमिनीत पाणी बघणाऱ्या माणसांनी प्रत्येक गावात दोन जागांवर चुन्याच्या खुणा करून ठेवल्या होत्या. दोन्हीकडं पाणी लागण्यासारखं होतं, बोअर मात्र गावाला एकच. दोहोंतली कुठली जागा, हे स्थानिक स्वयंसेवकांनी ठरवून कळवावं, असं संस्थेचं म्हणणं होतं, आणि स्थानिक स्वयंसेवक म्हणजे आम्ही. मंडळाचे सभासद लातूर आणि नांदेड दोन्हीकडचे होते, म्हणून गावंही दोन्हीकडची होती. त्यांत माझं गाव होतं.

नियमाप्रमाणे माझं गाव बघायचं काम मंडळातल्या एका प्राध्यापकाकडं गेलं. तो कॉलेजात भूगोल शिकवायचा, माझ्याच वयाचा, अर्धापूरच्या केळीच्या बागायतदाराचा मुलगा. स्वभावानं अगदी लोण्यासारखा. माझ्याबरोबर एका ताटात जेवायचा आणि त्याचं कौतुकही करून घ्यायचा नाही, म्हणून मला तो आवडायचा. माझ्या वाट्याला मुदखेडजवळचं एक गाव आलं.

त्या गावाला मी एसटीनं गेलो आणि दोन दिवस राहिलो. पाटलांनी बोलावलं, पण मी त्यांच्या ओट्यावर बसलो नाही, थेट रेल्वे रुळांपलीकडं वडारांची पालं होती तिथं गेलो. दगड फोडणारी माणसं ती, घरात तेलगूसारखं काहीतरी बोलायची, माझ्याशी मोडकं मराठी. मी बायकांना विचारलं, पाणी कुठून आणता, आधी कोण भरतं, तुमचा नंबर कधी लागतो, रांगेत भांडण झालं तर कोण मागं सरतं. हे प्रश्न मला कुणी शिकवले नव्हते. ज्यानं लहानपणी घागर धरून उन्हात वाट बघितली आहे त्याला ते आपोआप सुचतात. त्या गावातली एक खूण चावडीसमोर होती आणि दुसरी पालांच्या अंगाला. मी दुसरी पक्की केली.

बैठक चैत्रातल्या एका रविवारी सकाळी झाली. मदत संस्थेचा एक माणूस मुंबईहून आला होता, त्याच्यासमोर एकेका गावाचा निर्णय व्हायचा होता. मुदखेडकडचं गाव आलं तेव्हा मी उभा राहिलो. चावडीसमोर बोअर घेतला तर तो कागदावर सगळ्यांचा असेल, मी म्हणालो, पण पालांतल्या बायकांचा नंबर त्यावर कधीच लागणार नाही. जो सगळ्यांत शेवटी भरतो त्याच्या दारात हापसा हवा, म्हणजे बाकीच्यांना तो बंद होत नाही. उलट केलं तर होतो. बोलताना माझा आवाज चढला होता. मुंबईच्या पाहुण्यानं मान हलवली, गुरुजींचे डोळे भरून आले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जागा पालांच्या अंगाला ठरली. मी खाली बसलो तेव्हा मला स्वतःचा विलक्षण अभिमान वाटत होता.

पुढचं गाव माझं होतं.

प्राध्यापक उठला. तो गावात जाऊन आला होता, सकाळच्या एसटीनं जाऊन दुपारच्या एसटीनं परत. सरपंचांनी त्याला जेवू घातलं होतं, गाव दाखवलं होतं. त्यानं फळ्यावर छान नकाशा काढला. एक खूण मारुतीच्या देवळासमोर, शाळेला लागून, गावाच्या अगदी मधोमध. दुसरी खूण गावाच्या खालच्या अंगाला, एका वस्तीच्या कडेला, लिंबाच्या झाडापाशी.

“माझ्या मतानं देवळासमोरची,” तो म्हणाला. “सगळ्यांना सारखं अंतर पडतं. शाळेच्या मुलांचीही सोय होते. दुसरी जागा एका टोकाला जाते.”

एका टोकाला जाते ती आमची वस्ती होती. त्या लिंबाखाली मी बाराखडी गिरवली होती. देवळासमोर आमच्या बायका उभ्या राहिल्या तर कुणी मारायचं नाही, शिव्या द्यायचं नाही. फक्त “तुमचं मागून होऊ द्या” म्हणायचे, आणि ते मागून उजाडायचं नाही. हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं. प्राध्यापकाला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. केळीच्या बागेत पाटाचं पाणी खळखळत जाताना बघून तो मोठा झाला होता.

बोलता बोलता तो थांबला. त्याला मनातून काहीतरी वाटलं असावं, कारण त्यानं माझ्याकडं बघितलं. “नियमात बसत नाही, पण तुला विचारतो. बरोबर आहे ना?”

सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली. गुरुजी हसून म्हणाले, “विचारू नका त्याला. तो नियम पाळणारा माणूस आहे.”

आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

का बसलो, याची कारणं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला देत आलो. नियम होता. पाहुणा समोर होता. आत्ताच पालांसाठी बोललो होतो, लगेच स्वतःच्या वस्तीसाठी बोललो असतो तर आधीचं बोलणंही पातळ झालं असतं. त्याच्या चार-पाच वर्षं आधी नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यात आमच्या लोकांच्या वस्त्या जळल्या होत्या, उगाच गावात खुन्नस कशाला. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं नाही. खरं कारण असं, की ज्या खोलीत मला कुणी आडनाव विचारलं नव्हतं, तिथं मला ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं नव्हतं. ‘शेवटी हा आपल्याच लोकांचं बघतो’ असं त्यांच्यातल्या एकाच्याही मनात आलं असतं तर मला ते सोसलं नसतं. त्यांच्या डोळ्यांत मोठं राहण्यासाठी मी माझ्या माणसांचं पाणी दिलं. मला त्याची लाज वाटते, आजही वाटते.

जागा देवळासमोर ठरली. पाहुण्यानं कागदावर लिहून घेतलं आणि सगळ्यांनी पोहे खाल्ले. मीही खाल्ले.

वैशाखात बोअर झाला, पाणी लागलं, हापसा बसला. मी उद्घाटनाला गेलो नाही. गावचा माणूस उद्घाटनाला नको, असं मंडळाचं ठरलेलं होतं, आणि ते मला सोयीचंही होतं. हापसा जेमतेम पाण्याचा निघाला. दहा-पंधरा घागरी भरल्या की कोरडा वाजायचा, मग तासभर थांबायचं. त्यामुळं रांग आणखीच लांबली. वस्तीतल्या बायका सकाळी जाऊन बसायच्या, ऊन डोक्यावर यायचं, त्यांचा नंबर यायच्या आत हापसा श्वास सोडायचा. कुणाला दया आलीच तर तो आपल्या घागरीतलं थोडं यांच्या घागरीत वरून ओतायचा.

वैनी दोन दिवस जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आता न्हाई जाणार. “पान्यासाठी कुत्र्यावानी बसायचं माज्यानं होत न्हाई. आपली हीर हाय की.” आमच्या वस्तीची जुनी विहीर होती, तिच्या तळाला वाटीवाटीनं पाझर साठायचा. कडेच्या दगडांवर पाय देत खाली उतरायचं, वाटीनं घागर भरायची, वरच्या बाईनं दोरानं ती ओढून घ्यायची. बायका आळीपाळीनं उतरायच्या. वैनी उतरली ती सकाळची वेळ होती. घागर वर गेली आणि चढताना तिच्या पायाखालचा दगड निसटला. ती पाठीवर पडली. खाली पाणी असतं तर वाचली असती, म्हणजे धड वाचली असती. खाली नुसता खडक होता.

भावानं आणि वस्तीतल्या लोकांनी तिला बाजेवर घालून निलंग्याला आणलं आणि तिथून लातूरला सरकारी दवाखान्यात. मला कचेरीत निरोप आला. मी पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती, चेहरा पांढरा पडलेला. कमरेखाली तिला काही कळत नव्हतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की मणका गेलेला आहे, जीव राहील, पाय राहणार नाहीत. ती चाळिशीचीसुद्धा नव्हती.

तिच्याभोवती वस्तीतली चार-सहा माणसं उभी होती. त्यांतला एकजण चिडून म्हणाला, “ती देवळापुढची जागा कुण्या मंडळानं ठरवली म्हनं. आपला मानूस त्या मंडळात हाय की. मंग काय करून राहिला हा?”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. माझे ओठही हलले असावेत. पण वैनीनं मान न हलवता, छताकडं बघत, त्या माणसाला दटावलं. मला ती पहिल्यापासून भाऊच म्हणायची.

“गप बस. आमचा भाऊ लई भांडला असंल तिथं. मला ठाव हाय त्यो कसा हाय ते. त्या बड्या लोकांनी ऐकलं नसंल, त्यात त्याचा काय कसूर?”

चिडलेला माणूस ओशाळला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “चुकलं भाऊ.” आणि मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मला भरून आलंय.

प्राध्यापक दवाखान्यात आला, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन. पलंगापाशी त्याला उभं राहवेना. बाहेर व्हरांड्यात तो ढसाढसा रडला. म्हणाला, “मी विचारलं होतं रे तुला. सगळ्यांसमोर विचारलं होतं. का नाही बोललास?”

“नियम होता,” मी म्हणालो.

“अरे मोडायचा होतास!”

मला त्याचा इतका संताप आला की मी त्याची मोसंबी त्याच्याच हातात परत दिली. नियम मोडायची चैन त्याला परवडली असती. त्यानं नियम मोडला असता तर लोक म्हणाले असते, किती कळवळा आहे. पण तो बरोबर होता, आणि तो बरोबर होता म्हणूनच मला संताप आला होता. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. मंडळात जाणंही बंद केलं. गुरुजींनी दोनदा पत्र पाठवलं, मी उत्तर दिलं नाही. त्यांच्या मनात काही पाप नव्हतं. ज्यांना स्वतःसाठी कधी काही मागावंच लागलं नाही अशा माणसांनी तो नियम बनवला होता, एवढंच. पुढं गुरुजी गेल्याचं कळलं आणि मंडळही गेलं.

वैनीला गावी नेलं. तिची बाज ओसरीवर ठेवली. तिथून तिला सगळी वस्ती दिसायची आणि वस्तीला ती. मी महिन्यातून दोनदा जायचो, जमेल ते घेऊन जायचो. आणि प्रत्येक वेळी ऐकायचो की माझं भांडण किती मोठं झालं आहे. वैनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आधी नुसतं ‘भांडला असंल’ होतं. मग ‘भांडला’ झालं. मग मी टेबलावर हात आपटला, साहेबाला तोंडावर सुनावलं, भर सभेतून उठून गेलो, असं काय काय त्यात भर पडत गेली. “कुन्या गोऱ्या साहेबापुढं बोलला आमचा भाऊ, सगळे गप.” गोरा साहेब कुणी नव्हताच, पण मी ते दुरुस्त करायच्या फंदात पडलो नाही. पोरींच्या लग्नात, मयतीत, कुठंही आमच्या घराचं नाव निघालं की ही गोष्ट निघायची. ओसरीवर पडलेल्या बाईला लोक मान द्यायचे, सल्ला विचारायला यायचे. बाजेवर पडून ती वस्तीतल्या भांडणांचे निवाडे करायची.

काही वर्षांनी वस्तीला दुसऱ्या योजनेतून स्वतःचा हापसा मिळाला, त्याच लिंबापाशी. पहिला दांडा मी ओढावा म्हणून लोक मला न्यायला लातूरला आले. नको म्हणून पाहिलं, ऐकेनात. वैनीची बाज चौघांनी उचलून आणली. माझ्या गळ्यात हार घातला. मी दांडा ओढला, पाणी आलं, लोकांनी जयजयकार केला, आणि वैनी माझ्याकडं अशी बघत होती की मला वाटलं आत्ता इथंच बोअरच्या भोकात जावं.

मग थोरला भाऊ गेला. मी निवृत्त झालो. माझी मुलं पुण्याला, माझा दिवस मोकळा. मोकळ्या दिवसात माणसाला आपलं जुनं दिसायला लागतं. मला झोप लागेना, जेवण गोड लागेना. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिला सांगून टाका, माफ करील ती, तुमची आईच आहे. मलाही तेच पटलं. खरं बोलावं, ताठ उभं राहून खरं बोलावं, मग काय व्हायचं ते होवो. ह्या विचारानं मला पुष्कळ वर्षांनी पुन्हा जरा बरं वाटायला लागलं होतं.

मी दुपारच्या वेळी गेलो. ती बाजेवर उशाला टेकून सुपात तुरीची डाळ निवडत होती. हात मात्र शेवटपर्यंत तिचे चपळ होते. तिचा मुलगा आणि सून कामावर गेले होते, घरात आम्ही दोघंच. मी खाली बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मंडळ, नियम, पालांसाठीचं माझं भाषण, फळ्यावरचा नकाशा. ती डाळ निवडता निवडता थांबली.

“तू तिथंच व्हतास?”

“हाव.”

“तुला कुनी इचारलं न्हाई?”

“विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं.”

“मंग?”

“मी गप बसलो, वैनी.”

तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. तिला मांडी आहे हे तिला कळत नव्हतं, म्हणून ते तिनं हातानं चाचपून ठेवलं. मी वाट बघत होतो. ती रडेल, शिव्या देईल, नाहीतर डोक्यावरून हात फिरवील. तिनं तिन्हीतलं काही केलं नाही.

“इतकी वरसं न्हाई सांगितलंस. आज कामून सांगून राहिलास?”

“मन खात होतं.”

“तुजं मन खात व्हतं,” ती म्हणाली. “म्हनून मला सांगितलंस.”

मी मान हलवली.

“पाय गेले तवा मी म्हन्ले, गेले तर जाऊ दे. आपल्या पोरानं आपल्यासाठी चार लोकांत तोंड तर उघडलं. त्याच्यावर इतकी वरसं काढली मी हितं पडून. आता कशावर काढू?”

सून कामावरून आली. वैनीनं तिला मला चहा करायला सांगितला. मी तो प्यालो आणि शेवटच्या एसटीनं परत आलो.

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. मी गेलो की बोलायची, मुलांची चौकशी करायची, जेवून जा म्हणायची. ओसरीवर माणसं बसलेली असायची, कधी त्यांच्यातलंच कुणी म्हणायचं, “आज्जी, भाऊ कसा भांडला ते ह्या नव्या सुनेला सांगा की.” वैनी म्हणायची, आता आठवत न्हाई.